सासूसासरे, दोन पोरं आणि ग्रीसचं बेट: सँटोरिनीत राहू नका, नॅक्सॉस धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे की सहा जणांचं कुटुंब, नवरा-बायको, नऊ आणि चार वर्षांची मुलं, सासरे ७२ चे आणि गुडघ्यांनी बेजार, सासूबाई अंडंसुद्धा न खाणाऱ्या, मे अखेरीस दहा दिवस ग्रीस, आणि त्यात अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, क्रीट सगळं बसवायचंय. मी पुण्यातून कुटुंबांच्या ग्रीसच्या ट्रिपा लावून देते आणि दर सीझनला हाच प्रश्न याच चार नावांसकट येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, स्पष्टच सांगते, चार ठिकाणं दहा दिवसांत होतील पण त्यातले चार दिवस बंदरं, बॅगा आणि चेक-इनमध्ये जातील. बेट बदलायचं म्हणजे नुसता बोटीचा दोन तासांचा प्रवास नसतो, सकाळी खोली सोडा, बंदरावर तासभर आधी पोचा, बोट उशिरा, उतरल्यावर टॅक्सी शोधा, नवी खोली तीन वाजता मिळणार, तोपर्यंत पोरं उन्हात रडतायत आणि बाबा बॅगांवर बसलेत. एक बेट निवडा आणि तिथेच राहा. आणि ते बेट फोटो बघून निवडू नका, बाबांचे गुडघे आणि धाकट्याचा धीर बघून निवडा.

या हिशोबात सँटोरिनी पहिल्याच फेरीत बाद होतं. बेट सुंदर आहे यात वाद नाही, ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडाच्या काठावर वसलेली गावं जगात दुसरीकडे फारशी नाहीत. पण काठावरची हॉटेलं म्हणजे जिने, जिने आणि जिने, खोलीत जायला साठ-सत्तर पायऱ्या उतरा आणि नाश्त्याला परत चढा, कठडे कमरेच्याही खाली, चार वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे कॉफी प्यायची म्हणजे एक हात कायम त्याच्या कॉलरवर. तिथली बरीच हॉटेलं लहान मुलांना घेतच नाहीत, बुक करताना बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. किनारे म्हणाल तर पेरिसा आणि कामारीला काळी वाळू आहे, दुपारी पाय भाजतात आणि पाणी पटकन खोल होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे भूकंपांची मालिका चालू होती आणि हजारो लोक बेट सोडून गेले होते, नंतर सगळं शांत झालं, म्हणून त्याची भीती मी घालणार नाही, माझा मुद्दा पायऱ्यांचाच आहे. मिकोनोस तर पार्टीवाल्यांचं आणि महाग, तुमच्या सहा जणांना तिथे काय मिळणार ते मला तरी सांगता येत नाही.

क्रीट मुलांसाठी मस्त आहे पण ते बेट म्हणजे जवळपास आख्खा रत्नागिरी जिल्हा, पूर्व-पश्चिम २६० किलोमीटर. एलाफोनिसीचं गुलाबी वाळूचं फोटोतलं पाणी बघायचं तर खानिया शहरापासून दीड तास घाटाची गाडी. दहाच्या दहा रात्री द्यायच्या असतील आणि कोणीतरी बिनधास्त गाडी चालवणारं असेल तरच क्रीट.

म्हणून नॅक्सॉस. सायक्लाडीस द्वीपसमूहातलं सगळ्यात मोठं बेट, तरी मुंबईपेक्षा लहान. या बेटाचं स्वतःचं शेत-शिवार आहे, बटाटा पिकतो, गाईंचं चीज होतं, म्हणजे पर्यटकांवरच सगळा गाव जगतोय असं नाही आणि त्यामुळे खाणं ताजं आणि त्या मानाने स्वस्त. मुख्य गाव खोरा, बोट तिथेच लागते, आणि गावाला लागूनच, चालत दहा मिनिटांवर आयोस योर्गिओस नावाचा किनारा आहे जिथे पाणी बरंच आत गेलं तरी मुलांच्या कमरेएवढंच. चार वर्षांच्या पोरासाठी मला माहीत असलेल्या बेटांवर इतकी सोयीची जागा नाही. किनाऱ्याच्या मागच्या एक-दोन गल्ल्यांत छोटी कुटुंबांनी चालवलेली हॉटेलं आणि स्टुडिओ आहेत, तिथेच राहा. आयोस प्रोकोपिओस आणि प्लाका हे किनारे जास्त देखणे आहेत, कबूल, पण ते पाच ते आठ किलोमीटर लांब, संध्याकाळी आईबाबांना गावात फिरायचं तर दरवेळी बस किंवा टॅक्सी. दिवसा बसने जा आणि परत या. बुक करताना हॉटेलवाल्याला दोन गोष्टी लिहून विचारा, तळमजल्याची खोली आहे का आणि किचनेट आहे का. बहुतेक छोट्या हॉटेलांना लिफ्ट नसते आणि ते आपणहून सांगत नाहीत.

आता वेळ. मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा आपल्या शाळांच्या सुट्टीला बरोब्बर जुळतो आणि हवा उत्तम असते, फक्त समुद्र अजून गार असतो, २० अंशांच्या आसपास, आपल्या कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं पहिल्या दिवशी किंचाळत बाहेर येतात आणि दुसऱ्या दिवशी बाहेर यायला तयार नसतात. जमलं तर अथेन्स आधी करून बेट शेवटच्या आठवड्यात घ्या, तेवढंच पाणी गरम. जुलै-ऑगस्ट नको, ऊन तर असतंच पण तिथल्या एजियन समुद्रात उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटतो, तो आला की तीन-चार दिवस हटत नाही, वाळू डोळ्यात, छत्र्या उडतात आणि फार जोर झाला तर बोटी बंदरातून सोडतच नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत जायचं काही जण विचारतात, ऑक्टोबर अखेरीला तिथली हॉटेलं कुलुपं लावायला लागतात, बोटी कमी होतात, तेव्हा दिवाळी लवकर असली तरच बघा.

दहा रात्रींची वाटणी मी अशी करेन: आल्या आल्या दोन रात्री अथेन्स, सात नॅक्सॉस, शेवटची एक परत अथेन्स. ही शेवटची रात्र सोडू नका, बेटावरून निघून त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचं धाडस करू नका, वाऱ्याने बोट रद्द झाली तर बोटीचे पैसे परत मिळतात, विमानाचे कोणी देत नाही.

अथेन्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, म्हणजे पोरं पहाटे साडेचारला टक्क जागी. त्याचा फायदा घ्या आणि अ‍ॅक्रोपोलिसचा, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन देवळांचा, सकाळी आठचा स्लॉट ऑनलाइन घ्या. तिकिटं वेळेनुसार असतात, एप्रिल २०२५ पासून मोठ्यांचं तिकीट ३० युरो झालंय. वरचा संगमरवर लाखो पायांनी गुळगुळीत झालाय, कोरडा असतानाही घसरतो, बाबांना चपला-सँडल घालू देऊ नका, रबरी तळाचे बूट. चालायला खरंच त्रास असेल तर तिथे लिफ्ट आहे, ती सर्वसामान्यांसाठी नाही, आधी कळवावं लागतं, डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र जवळ ठेवा. उष्णतेची लाट आली की दुपारी काही तास स्मारक बंद ठेवतात, सकाळचा स्लॉट घेण्याचं हे आणखी एक कारण.

बोटीबद्दल नीट वाचा कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अथेन्सचं मोठं बंदर पिरेअस, विमानतळावरून थेट मेट्रो जाते, तासाभराच्या आत, पण गर्दीत पाकीटमार आहेत, पासपोर्टची बॅग पोटावर. बंदर अवाढव्य आहे, गेटना नंबर आहेत, सायक्लाडीसच्या बोटी बहुतेक ई-६ आणि ई-७ वरून सुटतात पण तिकिटावर किंवा एसेमेसवर आलेलं गेट बघूनच टॅक्सीवाल्याला सांगा, चुकीच्या गेटवर उतरलात तर बॅगा ओढत पंधरा-वीस मिनिटं. बोटी दोन प्रकारच्या, एक मोठी संथ, नॅक्सॉसला साधारण सव्वापाच-साडेपाच तास, आणि दुसरी फास्ट, साडेतीन-चार तास. सगळे फास्ट मागतात. मी तुम्हाला मोठीच देईन. ती कमी हलते, उघडा डेक आहे, मुलं पळू शकतात, कॅफे आहे, आणि वारं असलं तर फास्ट बोटीत बंद काचेआड बसून ओकाऱ्या काढणाऱ्यांच्या रांगा बघवत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कंपन्या फुकट नेतात (तिकीट तरी काढावं लागतंच, शून्य रकमेचं) आणि पाच ते दहा वर्षांना अर्धं. डेकचं तिकीट स्वस्त पण आईबाबांसाठी नंबर असलेली सीट घ्या, थोड्याच युरोंचा फरक असतो. अ‍ॅव्होमिन निघायच्या आधी, निघाल्यावर नाही, आणि लहान मुलांचा डोस आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

उतरणं हा एक वेगळा प्रसंग आहे. बोट मधल्या बेटावर पाच-दहा मिनिटंच थांबते. आधी पारोस येतं, तेव्हा अर्धी बोट उतरते, मग तासाभरात नॅक्सॉसची घोषणा होते आणि सगळे सरकत्या जिन्याने खाली गाड्यांच्या डेकवर जमतात. खाली ट्रकांची इंजिनं चालू झालेली असतात, डिझेलचा वास, जमिनीवर पाणी, बॅगा बेटांच्या नावांच्या रॅकवर एकावर एक. मग बोट अजून मागे मागे सरकत असतानाच तो लोखंडी दरवाजा साखळ्यांचा आवाज करत खाली यायला लागतो, एकदम लख्ख ऊन आत येतं आणि शिट्टी मारणारा खलाशी हाताने चला चला करतो, आणि लोक आणि ट्रक एकाच वेळी निघतात. घाबरण्यासारखं काही नाही पण कोणी कोणाचा हात धरायचा हे वरच ठरवून खाली या. एकाने आईबाबा, एकाने मुलं, बॅगा शेवटी. चाकांच्या दोन मोठ्या बॅगांपेक्षा चार मध्यम बॅगा आणा, हे लिहून घ्या.

नॅक्सॉसवर बघायचं काय? थोडंच बघा. बंदराजवळ पोर्तारा आहे, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं आणि अर्धवट राहिलं, त्याची संगमरवरी चौकट तेवढी समुद्राकडे तोंड करून उभी आहे. सूर्यास्ताला सगळं गाव तिथे जातं, चढ थोडाच आहे, फक्त वारा असेल तेव्हा वाटेवर लाटा उडतात. वरचा व्हेनिशियन किल्ला, म्हणजे कास्त्रो, तिथले बोळ सुंदर पण चढाचे आणि ओबडधोबड, बाबांना खाली धक्क्यावर कॉफी देऊन तुम्ही अर्ध्या तासात जाऊन या. एक दिवस टॅक्सी किंवा गाडी करून आत डोंगरात जा: सांग्री गावाजवळ डिमीटर या धान्यदेवीचं देऊळ शेतात उभं आहे, गर्दी जवळपास नाही, पुढे हाल्की नावाचं सपाट छोटं गाव, तिथे लिंबाच्या जातीच्या कित्रोन फळाच्या पानांची दारू गाळतात (१८९६ पासूनची डिस्टिलरी आहे, बघायला मिळते), आणि वेळ असेल तर आपीरांथोस, जिथे गल्ल्यांना फरशी संगमरवराची. बेटाच्या उत्तर टोकाला दहा मीटरहून लांब अर्धवट कोरलेला पुतळा पडलाय, पण रस्ता इतका वळणांचा की मागच्या सीटवर उलटी ठरलेली, तुमच्या केसमध्ये सोडून द्या.

आणि सँटोरिनीचा फोटो हवाच असेल तर नॅक्सॉसवरून एका दिवसात जाऊन येता येतं, बोटीने दीड-दोन तास, बससकट डे ट्रिप मिळते, काठावरची इआ आणि फिरा ही गावं बघून संध्याकाळी परत. तुम्ही दोघं आणि मोठी मुलगी जा, आजी-आजोबा आणि धाकटा किनाऱ्यावर. खरं सांगायचं तर या वाटणीत सगळ्यात खूश आजी-आजोबाच असतात. फिराच्या खाली जुन्या बंदरातून वर यायला ५८८ पायऱ्या आणि गाढवं आहेत ते वाचून घाबरू नका, ते क्रूझवाल्यांचं, तुमची बोट वेगळ्या बंदराला लागते आणि तिथून बस वर जाते. गाढवावर मात्र बसू नका, त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी सगळ्यात जास्त आणि तीच सगळ्यात कमी करायला हवी. ग्रीक लोक धार्मिक उपवास बरेच करतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडं काहीच खात नाहीत, त्यामुळे शाकाहारी पदार्थ त्यांच्या घरच्या स्वयंपाकातलेच आहेत, पर्यटकांसाठी शोधून काढलेले नाहीत. उपवासाच्या पदार्थाला निस्तीसिमो म्हणतात, पण सावधान, कोळंबी-कालवं त्यांना उपवासाला चालतात, तेव्हा नुसतं निस्तीसिमो म्हणून मोकळं होऊ नका. काय मागवायचं: फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल, धाकटा हेच खाईल. गिगांतेस, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल. ब्रिआम, वांगं-बटाटा-झुकिनी ओव्हनमधली. फासोलाकिया, आपली फरसबीच. होर्ता, उकडलेली पालेभाजी लिंबू पिळून. गेमिस्ता, भातभरल्या टोमॅटो-ढोबळ्या, पण त्यात कधी कधी खिमा असतो, म्हणून "होरीस कीमा" विचारा, आणि एकूणच "होरीस क्रेआस", मांस नको, हे पाठ करून ठेवा, "होरीस अवगा" म्हणजे अंडं नको. झुकिनीची भजी मिळतात, त्यात बहुतेक अंडं असतं. तळलेले बटाटे नॅक्सॉसचे अप्रतिम, मात्र तेच तेल माशांना वापरतात का विचारून घ्या, छोट्या तावेर्नात, म्हणजे खानावळीत, लोक खरं सांगतात. फेटा आणि तिथलं ग्राविएरा चीज पारंपरिक पद्धतीने प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासरा-कोकरांच्या जठरातल्या विरजणाने, विरजतात, सासूबाई इतक्या कडक असतील तर चीज टाळा, दही चालेल. तिथलं गाळलेलं दही म्हणजे चक्काच, साखर आणि इथून नेलेली वेलची-केशर घातली की खोलीत श्रीखंड तयार.

किचनेटमध्ये दोन विजेच्या शेगड्या आणि फ्रिज असतो. छोटा कुकर, खिचडीपुरती मूगडाळ, गोडा मसाला, मेतकूट, लोणचं, थालीपिठाची भाजणी न्या, तांदूळ तिथल्या सुपरमार्केटात मिळतो. पण युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, पनीर, खवा बॅगेत नको, आणि कढीपत्ता, मिरच्या, कोथिंबीरही नको, ताज्या भाज्यांना प्रमाणपत्र लागतं. लहान बाळाचं दूध पावडर चालतं. तुपाऐवजी तिथल्या लोण्यावर काम चालवा, आठवडाच आहे.

बाथरूमबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. बेटांवर पाइप अरुंद असतात, टिश्यू कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. जेट नसतो, प्लॅस्टिकचा एक छोटा मग बॅगेत टाका, घरातले सगळे दुवा देतील. नळाचं पाणी बेटांवर पिऊ नका, अर्ध्या लिटरच्या बाटलीचा दर सरकारने ठरवलेला आहे, ५० सेंट, किऑस्कवर घ्या. दुपारी तीन ते साडेपाच उन्हाळ्यात कायद्यानेच शांतता पाळायची असते, त्या वेळात मुलांना झोपवा, रात्री तसंही उशीर होतो, सूर्य साडेआठनंतर मावळतो आणि तिथली स्वतःची पोरंही दहा वाजता चौकात फुटबॉल खेळत असतात, वेटर रागावत नाहीत.

किनाऱ्यावर खुर्च्या-छत्र्यांना भाडं, पण किनारा सार्वजनिक आहे, स्वतःची चटई घालून बसायला कोणी अडवू शकत नाही. खडकांजवळ समुद्री अर्चिन असतात, मुलांना रबरी वॉटर शूज इथूनच घ्या. लाल बावटा म्हणजे पाण्यात नाही, पोहता येत असलं तरी नाही. इमर्जन्सीला ११२, रुग्णवाहिका १६६, कोस्टगार्ड १०८. फार्मसीचा हिरवा क्रॉस दिसतो, किरकोळ गोष्टींसाठी तिथलेच लोक छान सांगतात. बाबांच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट, कोडिनवालं खोकल्याचं औषध नेऊच नका.

गाडी घ्यायची असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, नुसत्या भारतीय लायसन्सवर काही दुकानं गाडी देतीलही पण अपघात झाला तर विमा हात वर करतो. उजव्या बाजूने गाडी चालवायची, ऑटोमॅटिक कमी असतात म्हणून आधी बुक करा, चाइल्ड सीट मागून घ्या, चार वर्षांच्या मुलाला ती कायद्याने लागते. चार चाकांची ती क्वाड बाइक कितीही मोह झाला तरी नको.

व्हिसाचं आजच सुरू करा. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मे महिन्याच्या अपॉइंटमेंटा फेब्रुवारीतच संपायला लागतात. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बाराखालच्या मुलांना ४५, म्हणजे मोठीला ४५ आणि धाकट्याला फी नाही, वर सेंटरचा चार्ज. मुलांचं शाळेचं बोनाफाइड, आईबाबांचं पेन्शन स्टेटमेंट आणि तुमचं खर्च उचलण्याचं पत्र. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतोच, पण ७० च्या पुढे स्वस्तातला घेऊ नका, आधीपासूनच्या आजारांचं कलम वाचा. शिवाय २०२५-२६ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, बाराखालच्यांचे ठसे नाहीत, अथेन्सला रांग लांबते, मुलांना विमानातून उतरतानाच टॉयलेटला नेऊन आणा.

पैशांचं एवढंच की हॉटेलच्या भाड्याखेरीज एप्रिल ते ऑक्टोबर सरकारी हवामान शुल्क खोलीमागे रोज वेगळं द्यावं लागतं, २०२५ च्या दराने तीन तारांकितला ५ युरो, चारला १०, एअरबीएनबीसारख्या भाड्याच्या अपार्टमेंटला ८, ते बुकिंगच्या आकड्यात बहुतेक धरलेलं नसतं. जेवायला बसल्यावर न मागता ब्रेड येतो, त्याचे पैसे लावतात, नको असेल तर लगेच परत पाठवा. कार्ड सगळीकडे चालतं, शंभर-दीडशे युरो रोख पुरे, आणि एटीएमने किंवा दुकानदाराच्या मशीनने रुपयात कापू की युरोत असं विचारलं तर युरोच दाबा.